तेरा अंशांचं काम: वेंगुर्ल्याच्या घरातल्या गरम पाण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीला आलेली माणसं काल परतली. आजपासून ही वही गरम पाण्याच्या कामाला. आंघोळीचं पाणी कमीत कमी विजेवर कसं तापेल, एवढाच विषय.

घरात कायमची माणसं पाच. खालच्या न्हाणीघराला २५ लिटरचा जुना गिझर. तो बसवलाय स्वयंपाकघरामागच्या भिंतीवर, न्हाणीपासून बराच लांब. माडीवर, पाहुण्यांच्या खोलीला लागून, १५ लिटरचा तीन वर्षांपूर्वीचा. शिवाय परसात सासूबाईंचं चुलाण आणि त्यावरचं तांब्याचं भाण, जे दिवाळीच्या पहाटे आजही पेटतंच. त्यांचं म्हणणं कायम एकच: "चुलाण आसताना लायटीक पैशे कित्याक?"

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच जास्त आणि ३०० च्या वर आणखी चढा. म्हणजे महिन्याची शेवटची युनिटं सगळ्यात महाग पडतात. बचत होते ती या महागड्या युनिटांचीच. चतुर्थी, दिवाळी आणि मे महिना, मुंबईची माणसं आली की दोन्ही गिझरचे लाल दिवे दिवसभर लागलेले असतात आणि आम्ही ३०० च्या पलीकडे जातो.

५ नोव्हेंबर

आधी पाणी मुळात किती गार आहे ते बघितलं. आमरसाच्या कॅनिंगला वापरतो तो थर्मामीटर विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीत बुडवला: २७ अंश. पहाटे साडेपाचला पुन्हा बघितलं, तरी २७. जमिनीत काही मीटर खाली वर्षभराच्या सरासरीइतकंच तापमान टिकून राहतं आणि कोकणपट्टीची सरासरी तेवढीच आहे. घाटावर जानेवारीत टाकीतलं पाणी वीस अंशांच्या खाली जातं. तसं इथे कधी होत नाही.

आंघोळीला सुखाचं पाणी ४० अंशांचं. म्हणजे आमचं काम फक्त १३ अंशांचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. वीस लिटरची एक भरलेली बादली: २० गुणिले १३, म्हणजे २६० किलोकॅलरी, म्हणजे ०.३ युनिट. पाच माणसांचं दीड युनिट. कॉइलने तापवायचं तर यापेक्षा कमी विजेत ते पाणी तापूच शकत नाही. मग गिझर नवा असो की जुना, की बादलीत सोडायचा रॉड असो. पण यापेक्षा जास्त जे काही जळतंय ते आंघोळीला लागत नाहीये. तेच शोधायचं आहे.

(शॉवरचा हिशोबही करून ठेवला. मिनिटाला ८ लिटर धरले तर आठ मिनिटांत ६४ लिटर, जवळजवळ एक युनिट. तीन बादल्यांच्या वर झालं.)

१० नोव्हेंबर

धाकटे भावजी वायरिंगची कामं करतात. आज रविवार, त्यांना धरलं. फ्रिज, पंप, पंखे, सगळ्यांचे एमसीबी (बोर्डावरचे सुरक्षा-स्विच) खाली केले आणि फक्त खालचा गिझर चालू ठेवला. मग दोघं मीटरसमोर उभे राहिलो.

आमच्या मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलेलं आहे. छापील आकडा प्रत्येकाने आपापल्या मीटरवर बघावा, वेगळा असू शकतो. आमच्याकडे याचा अर्थ असा की तो बारका लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. "वैनी, बाकी सगळा बंद केलंय. आता मोजा," म्हणाले. ते मोबाइलवर मिनिट लावून, मी ओठांत आकडे पुटपुटत. मिनिटाला १०५. तासाला ६३०० म्हणजे जवळपास २ किलोवॉट. गिझरच्या पाटीवरही तेवढंच लिहिलंय. कॉइल ठीक आहे. मध्येच थर्मोस्टॅटने (पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग) टक् केलं आणि दिवा एकदम थांबला. घरात इतकी स्पष्ट मोजणी करता येते हे मला माहीतच नव्हतं. वेगळं कसलंही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

चालू करून बंद होईपर्यंत किती मिनिटं लागली ते घड्याळात बघायचं आणि मिनिटाला १०५ ने गुणायचं. पुढच्या सगळ्या नोंदी अशाच केल्यात.

१२ नोव्हेंबर

रात्री नऊला गिझर पूर्ण तापवून बंद केला. रात्रभर गरम नळ कोणी उघडायचा नाही असं सगळ्यांना सांगितलं. सकाळी सहाला पुन्हा चालू केला. थेंबही वापरला नव्हता, तरी पुन्हा टक् व्हायला दहा मिनिटं लागली. साधारण एक तृतीयांश युनिट. पाण्यातले अकरा-एक अंश रात्रीत भिंतीला आणि हवेला गेले.

चोवीस तास चालू ठेवला तर हीच गळती दिवसाला एक युनिटच्या घरात जाते. पाच माणसांच्या आंघोळी दीड युनिटात आणि कोणीही आंघोळ न करता एक युनिट!

आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक चाकरमान्याच्या तोंडी एक वाक्य असतं: पुन्हा पुन्हा तापवण्यापेक्षा चालू ठेवलेला बरा, कमी जळतं. ते खरं नाही आणि का नाही ते लिहून ठेवते. टाकीतून बाहेर जाणारी उष्णता आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या फरकावर ठरते. बंद गिझर निवत जातो, तसा फरक कमी होतो आणि गळतीही मंदावते. चालू गिझर तो फरक दिवसभर तसाच राखून ठेवतो, म्हणजे गळतीही पूर्ण जोरात. सकाळी पुन्हा तापवायला जे लागतं ते नेहमीच रात्रभर भरत राहण्यापेक्षा कमी.

याच कारणाने थर्मोस्टॅटही खाली आणायचा. खोलीत २७ अंश असताना पाणी ७५ वर ठेवलं तर फरक ४८ चा, ५५ वर ठेवलं तर २८ चा. गळती चाळीस टक्क्यांनी उतरते.

पण एक सावधगिरी. कोमट पाणी टाकीत दिवसच्या दिवस साठवून ठेवायचं नाही. लिजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २५ ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनियासारखा आजार करतो. साठवायचं तर ६० वर तापवायचं. म्हणून आमचा नियम: गरज असेल तेव्हाच चालू करायचं, ६० पर्यंत जाऊ द्यायचं, बंद करायचं आणि वापरून संपवायचं.

१७ नोव्हेंबर

भावजींनी जुना गिझर खाली उतरवून उघडला. जांभ्याच्या विहिरीचं पाणी मऊ आणि थोडं आम्लाकडे झुकणारं, त्यामुळे आत क्षाराचा थर नावालाच होता. मॅग्नेशियमच्या अ‍ॅनोड दांड्याची मात्र बोटभर काडी उरली होती. ही दांडी टाकीऐवजी स्वतः झिजावी म्हणूनच बसवलेली असते. ती संपली की गंज टाकीला धरतो. मिठाच्या वाऱ्याने बाहेरचा पत्रा खालून पार गेलेला आणि आतली काचलोकर ओली. ओल्या लोकरीने ऊब धरली जात नाही. दहा मिनिटांचं उत्तर इथे सापडलं.

हा गिझर निवृत्त.

२४ नोव्हेंबर

काय घ्यायचं यावर आठवडाभर चर्चा.

गिझरवरच्या वीजबचतीच्या पट्टीवरचे स्टार म्हणजे काय ते दुकानात कोणी नीट सांगत नाही. पाणी तापवण्याच्या बाबतीत सगळे स्टोरेज गिझर सारखेच. कॉइल पाण्यातच असते, सगळी वीज पाण्यातच जाते. स्टारचा फरक असतो तो साठवलेलं पाणी गरम राखताना होणाऱ्या गळतीत. पट्टीवर स्टँडिंग लॉसचा आकडा असतो: ४५ अंशांचा फरक धरून चोवीस तासांत किती युनिट वाया जातं. तो आकडा वाचावा. जो गिझर तासभरच चालू असतो त्याला पाच स्टारचा फायदा थोडाच होतो.

३ किलोवॉटचा इन्स्टंट, म्हणजे पाणी न साठवता वाहतानाच तापवणारा गिझर, मनात बसला होता. कोकणच्या पाण्याला तो खरं तर छान लागू पडतो. फक्त १३ अंश चढवायचे असल्याने मिनिटाला सव्वातीन लिटर मिळतं, पंधरा लिटर पाच मिनिटांच्या आत. साठवण नाही, म्हणून गळतीही नाही. पण संध्याकाळी आमच्या वाडीत दाब १८० व्होल्टपर्यंत उतरलेला मोजला. कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाने कमी होते, म्हणजे ३ किलोवॉटचं १.८ उरतं आणि धार बारीक होते. युनिट जास्त जात नाहीत, वेळ जातो. शिवाय जुन्या भागातली वायर बदलावी लागली असती. ज्यांच्याकडे दाब चांगला आणि वायर जाड आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा.

गॅस गिझरचं नाव भावजींनी काढूच दिलं नाही. बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइडने माणसं जातात, वासही येत नाही. हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालणारं यंत्र) आमच्या दमट, उबदार हवेत एका युनिटात तीन युनिटांएवढी उष्णता देतो, पण ती किंमत लॉजवाल्यांना परवडेल, पाच माणसांच्या घराला नाही.

राहिला सूर्य. इथे ऑक्टोबर ते मे ऊन हवं तेवढं आहे.

१ डिसेंबर

नळीचं काम. जुन्या गिझरपासून न्हाणीपर्यंत बारा मीटर सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकची) नळी होती. अर्ध्या इंची नळीत मीटरला जवळपास सव्वाशे मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे दीड लिटर गार पाणी आधी ओतायचं आणि आंघोळीनंतर दीड लिटर गरम पाणी नळीतच निवून जायचं. माणसागणिक हेच. नव्या मांडणीत गरम नळी चार मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि तीही फोमच्या नळकांड्यात.

त्याच दिवशी माडीवरच्या गिझरला टायमर आणि पूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमजोर पडतं. भावजी म्हणाले, मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला एक बादली पाणी घालायचं. झाडांना पाणी घालताना ते काम आता मी घेतलंय.

१२ जानेवारी २०२५

सोलर वॉटर हीटरची जागा ठरली. मंगलोरी कौलांवर पाण्यासकट दीडशे किलोचं ओझं टाकता येत नाही, म्हणून न्हाणीघराचा स्लॅब. दक्षिणेला मोकळं आहे, पण पूर्वेच्या दोन माडांची सावली साडेनऊपर्यंत पडते. माड तोडणार नाही, हे आधीच सांगून टाकलं. साडेनऊ ते साडेचारचं ऊन मिळालं तरी पुरे. सावलीपेक्षा मोठी भीती नारळांची. ऊन धरणाऱ्या काचेच्या नळ्यांवर एक पडला तरी नळी गेली. नारळ उतरवणारा पाडेकरी आता महिन्याआड येणार आणि सुकलेली चुडतं (माडाच्या झावळ्या) लोंबकळू द्यायची नाहीत.

माप १०० लिटरचं. सगळ्यांना वाटलं कमी पडेल. पण टाकीतलं पाणी ६० ला असेल, तर ४० ची बादली करायला वीसपैकी आठ लिटरच गरम लागतात. पाच माणसांना चाळीस. उरलेल्यात पाहुण्यांची सोय.

आमची विहीर गोड आहे, म्हणून स्टीलची टाकी चालली. किनाऱ्यालगत ज्यांच्या विहिरी मचूळ आहेत त्यांनी साध्या स्टीलच्या टाकीच्या वाटेला जाऊ नये. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक भोकं पडतात. काचेचं अस्तर असलेली टाकी घ्यावी.

२ फेब्रुवारी

बसला. स्टँड गॅल्व्हनाइज्ड, बोल्ट स्टेनलेस. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ इथून गेलं तेव्हा पत्रे आणि कौलं कुठल्या कुठे गेली होती, ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. फिटरने स्टँड नुसतं विटांवर टेकवलं होतं. भावजींनी पुन्हा काढायला लावून चारही पाय स्लॅबमध्ये अँकर बोल्टने आवळून घेतले.

उतार ३० अंशांचा घेतला. वेंगुर्ल्याचा अक्षांश सुमारे १६, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, डिसेंबरात दक्षिणेला झुकलेला असतो. गरम पाण्याची ओढ डिसेंबरात असते. नळ्या अशा जास्त उभ्या ठेवल्या की तेव्हाचं ऊन सरळ पडतं आणि मेमध्ये कमी.

९ मार्च

संध्याकाळी पाचला टाकी ६३ अंश, पहाटे साडेपाचला ५६. खालच्या न्हाणीला फेब्रुवारीपासून वीज लागलेली नाही. बिलात गेल्या फेब्रुवारीला २१२ युनिट होती, यंदा १३४.

सासूबाईंना सवय भाणातलं पाणी तांब्याने घेऊन बोट बुडवून बघायची. नळातून थेट ५६-६० चं पाणी आलं तर हात काही सेकंदांत भाजेल. म्हणून गार नळ आधी, गरम नंतर, हा क्रम ठरवला. त्यांच्या निळ्या बादलीच्या आतून मी तापवलेल्या खिळ्याने दोन रेघा ओढल्या. पहिल्या रेघेपर्यंत गार, दुसरीपर्यंत गरम. थर्मामीटर लावून बघितला, ४० ते ४१ येतं. परवा त्या शेजारच्या काकींना न्हाणीत नेऊन रेघा दाखवत होत्या.

२० एप्रिल

उष्मा. गरम पाणी कोणाला नको झालंय. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं साधं पाणीच दुपारी ३८ अंशांना पोचतं. संध्याकाळची आंघोळ त्यावरच. माडीवरच्या गिझरचा एमसीबी खाली करून ठेवला. मुंबईची मुलं येऊन आठवडा झाला तरी कोणी विचारलंही नाही.

सोलरच्या अर्ध्या नळ्या सुतळी गोणपाटाने झाकल्या. टाकी उकळीला जाऊ देण्यात काही फायदा नाही, रबरी वॉशर लवकर जातात.

२६ मे

पाऊस! मान्सून काल देवगडपर्यंत आला. जूनचा पहिला आठवडा धरून चाललेली सगळ्यांची आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं अर्धवट पडली आहेत. आमची सोडणं (नारळाची सालं, जळणाची) अजून खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळत होती. निम्मी मांगरात (परसातल्या खोपटात) गेली, निम्मी भिजली. पावसाळ्यातल्या गरम पाण्याची सगळी बेगमी या सोडणांवर होती. भिजलेली पोटमाळ्यावर, चुलीच्या धुरावर पसरली आहेत, वाळतील.

१५ जून

पावसाळ्यात सोलर काही देतं का, याचं उत्तर: देतं, पण अर्धवट. दाट ढगांच्या दिवशी टाकी ३३-३४ ला थांबते, मध्ये चार तास उघाड मिळाली तर ४० च्या पुढे जाते. नळ्या ढगांतून येणारा विखुरलेला उजेडही थोडाफार धरतात. ३४ म्हणजे आमच्या तेरा अंशांपैकी निम्मं काम फुकटात झालं. म्हणून हे पाणी नळातून थेट वापरत नाही, ते बंबात घालायचं. कोमट पाणी टाकीत साठून राहू नये यासाठी रोज सकाळी टाकीतलं बहुतेक पाणी काढून घेतो. धुण्याला, भांड्यांना, उरलं तर परसात.

बंब माझ्या माहेरचा, तांब्याचा, ३० लिटरचा, मधून धुराची नळी जाते तो. तळाचा सांधा गळत होता, तांबटाकडून झाळून आणला. तो मागच्या पडवीत ठेवला, न्हाणीत नाही. धूर बाहेर गेला पाहिजे ही माझी अट होती. चुलाणासमोर बसून सासूबाईंचा खोकला किती वाढतो ते मी वर्षानुवर्षं बघतेय.

६ जुलै

आषाढी. आज चुलाण आणि बंब दोन्हीवर तीस-तीस लिटर पाणी विहिरीच्या २७ पासून ६० पर्यंत तापवलं आणि सोडणं तराजूत तोलून घातली. चुलाणाला दोन किलोच्या वर लागली, बंबाला एक किलोच्या आतबाहेर. वाळलेल्या सोडणात किलोमागे सुमारे ४००० किलोकॅलरी असतात. पाण्याला हव्या होत्या ९९०. म्हणजे चुलाणात आठवा हिस्सा पाण्यात गेला, बंबात चौथा. बंबात जाळ पाण्याच्या मधून वर जातो, चुलाणात भाणाच्या बाजूने निसटतो.

सासूबाई सगळा वेळ पिढ्यावर बसून बघत होत्या. तराजूकडे बघून म्हणाल्या, "बंबाक पेटवूक सोपा आसा." राख त्यांनी स्वतःच माडांच्या आळ्यात नेऊन टाकली.

१० ऑगस्ट

चतुर्थी २७ ऑगस्टला. घरात पंधरा माणसं असतील, आणि ऊन धरता येणार नाही. पंधरा बादल्या म्हणजे ३०० लिटर, त्यातलं ६० अंशांचं साधारण १२० लिटर. बंबाच्या एका भरणीत जवळजवळ चार माणसं होतात, माडीवरच्या गिझरच्या एका भरणीत दोन. बंब तीनदा, गिझर दोनदा. गिझरला एका भरणीला अठरा मिनिटं आणि ०.५८ युनिट लागतं. टायमर पहाटे साडेचार आणि सव्वापाचला लावला आहे. एरवी त्याचा एमसीबी खालीच राहील. पूजेला बसणारे आणि मोदकांना लागणाऱ्या बायका पहिल्या, मुलं शेवटी.

उरलेली कामं: गिझरचा अ‍ॅनोड बघायचा आहे, तो चौथ्या वर्षात आहे. स्टँडच्या बोल्टांना ग्रीस. बंबाजवळ चार किलो सुकी सोडणं गोणत्यात बांधून ठेवायची. पोटमाळ्यावरची पुरेशी वाळली आहेत.